1 लाख 80 हजारांसाठी 7 लाख रोख?

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आम्ही दोघं भाड्याने राहतो. यांचा पगार हातात 43 हजार, माझा 24 हजार. मोशीतच 42 लाखांचा वन बीएचके 51 हजार देऊन बुक केला आहे. आमचं पहिलंच घर. एजंट म्हणतो, पंतप्रधान आवास योजनेचे 2 लाख 67 हजार मिळवून देतो, फी 15 हजार. पहिल्या घरासाठी आणखी कुठल्या सरकारी योजना आहेत? घर योजनेत बसावं म्हणून बिल्डरच्या ऑफिसातले करारनामा 34.90 लाखांचा करून देणार आहेत, बाकीचे रोख. आमच्याकडे एफडी 5 लाख, पॉलिसीत 2 लाख, यांच्या पीएफमधून 2 लाख निघतील. दीर 5 लाख देतील आणि 6 लाखांचं पर्सनल लोन मंजूर आहे."

ताई, आधी एजंटला निरोप द्या. 2 लाख 67 हजारांची जुनी योजना 31 मार्च 2022 ला संपली. ती चालू होती तेव्हाही एवढी रक्कम वर्षाला 6 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांनाच मिळायची. आता 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा आहे. त्यात उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवं. पहिल्या 8 लाखांच्या कर्जावर 4 टक्के व्याज-अनुदान, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला 36 हजार. अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येतो, त्याला 15 हजार कसले?

आता ज्या वाक्यावर तुम्ही प्रश्नच विचारला नाही, त्याकडे येतो. "बाकीचे रोख."

सरळ व्यवहारात 42 लाखांच्या घराला बँक 80 टक्के, म्हणजे साधारण 33.5 लाख देईल. तुमचे साडेआठ, 7 टक्के मुद्रांक शुल्काचे तीन, नोंदणीचे 30 हजार आणि बांधकाम चालू असेल तर 1 टक्का जीएसटी. गोळाबेरीज 12 लाख.

बिल्डरच्या वाटेने गेलात तर कर्ज 25 लाखांवर थांबवावं लागेल, नाहीतर अनुदानच नाही. मग करारनाम्यातले उरलेले 10 लाख तुमचे, शुल्क वगैरे 3 लाख, वर 7 लाख 10 हजार रोख. झाले 20 लाख. पावणेदोन लाखांच्या अनुदानासाठी तुम्ही 8 लाख जास्त उभे करताय, त्यातले 6 लाख पर्सनल लोनचे. 14 टक्के धरले तर पाच वर्षांत त्याचं नुसतं व्याज 2 लाख 38 हजार होतं. अनुदान तिथेच संपलं, वर 58 हजार तुमच्याच खिशातून.

आणि त्या 7 लाखांची पावती कुठे आहे? उद्या प्रकल्प रखडला आणि महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाकडे, गेलात तर कागदावर 34.90 लाखच दिसतील. घर विकाल तेव्हा खरेदीची किंमत 34.90 धरली जाईल आणि जो नफा झालाच नाही त्यावर कर भराल. मुद्रांक शुल्कात वाचतील ते फार तर 50 हजार, आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली, किंमत जास्त निघाली तर तेही नाही. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड असतो. पण पर्सनल लोन खात्यात जमा झालं आणि चार दिवसांत रोखीने निघालं, हे तुमच्या स्टेटमेंटवर राहतं. शिवाय योजनेच्या अर्जातली माहिती खरी असल्याची सही बिल्डरची नसते, तुमची असते.

पॉलिसीतले 2 लाख हिशोबातून काढून टाका. "घरासाठी दरवर्षी 1 लाख" असं सांगून बँकेतल्या माणसाने ती गळ्यात मारली असणार. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की रागही शिळा झालाय. दोनच हप्ते भरले असतील तर हमीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर हातात येणारी रक्कम, भरलेल्या पैशांच्या 30 टक्के असते, म्हणजे 60 हजार. जास्तही मिळू शकते, कंपनीकडून आकडा लेखी मागवा. तो येईपर्यंत तिसरा हप्ता भरू नका.

उरले एफडीचे 5, पीएफचे 2 आणि दिरांचे 5. हे 12 लाख रुपये 42 लाखांच्या घराला कागदावर पुरतात, पण 33.5 लाखांचा हप्ता 29 हजार बसतो, ताबा मिळेपर्यंत घरभाडं वेगळं आणि बँकेत शिल्लक शून्य. मी हे घर सोडेन. खरोखर 33 लाखांपर्यंतचं, तयार किंवा रिसेलचं बघा. 25 लाख कर्ज, हप्ता पावणेबावीस हजार, तुमचे 8 लाख आणि शुल्क. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 1 टक्का कमी, म्हणजे 33 हजार सरळ वाचले, एजंटशिवाय. सगळं मिळून 10 लाख 30 हजार. आणि हे घर योजनेत आपसूक बसतं.

बसतं, पण दोन गोष्टी तपासा. उत्पन्न धरतात ते हातात येणारं नाही. तुमचे 67 हजार म्हणजे वर्षाला 8 लाख, त्यात पीएफ-कपात मिळवली की 9 ची रेघ जवळ येते. दुसरं, सासरी गावाकडे पक्कं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर तुमच्या यजमानांचं नाव लागलंय का ते बघा. भारतात कुठेही नवरा-बायकोच्या नावावर पक्कं घर असेल तर अनुदान नाही.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत तुम्ही अल्प उत्पन्न गटात याल. खासगी प्रकल्पांतली 20 टक्के योजनेची घरंही त्यात असतात. अधिवास दाखला काढून ठेवा आणि अर्ज करत राहा, पण सोडतीच्या भरवशावर भाडेकरार मोडू नका.

बुकिंगच्या 51 हजारांची पावती आणि अलॉटमेंट लेटर मिळालं आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. असेल तर रद्द करण्याच्या अटी वाचून याच आठवड्यात ईमेल करा. नसेल तर ऑफिसात जाऊन आधी ते कागद मागा, रद्द करायचा विषय त्यानंतर काढा.