अमेरिकेत बाळंतपण आहे, डुला (बाळंतपणात सोबत करणारी मदतनीस) वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, कॅप्सूल करून देते म्हणते. घ्याव्यात का?

माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

कारण ओरेगनमधली घटना. तिथे २०१६ मध्ये एका नवजात बाळाला ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा रक्तसंसर्ग झाला. उपचारांनी बरं झालं, आणि लगेच पुन्हा तोच संसर्ग. आई वारेच्या कॅप्सूल घेत होती. तपासल्यावर त्यांत तोच जंतू सापडला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने या कॅप्सूल टाळाव्यात असं सांगितलं. वार वाफवून, वाळवून पूड करतात, पण त्यातले जंतू मरतीलच असं नाही आणि या प्रक्रियेला ठरलेले मानक नाहीत.

फायद्याचं म्हणाल, तर लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाने काही बायकांना वारेच्या आणि काहींना तुलनेसाठी गोमांसाच्या कॅप्सूल देऊन पाहिलं. शरीरातल्या लोहात लक्षणीय फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तरी पैसे मोजण्याआधी माहीत असावा. ‘जुनी चिनी परंपरा’ हेही ऐकाल. चिनी वैद्यकात वाळवलेली वार वापरत, पण प्रत्येक बाळंतिणीने आपलीच वार खायची अशी ती रीत नव्हे.

कॅप्सूलचा विचार करण्यामागे तुमची खरी भीती बाळंतपणानंतरच्या नैराश्याची असेल, तर ती रास्त आहे. डॉक्टरांकडे हे नैराश्य ओळखायची एडिंबरो प्रश्नावली मागा, १० प्रश्नांची असते. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल तर वाट पाहू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आई येणार असेल तर अळिवाची खीर होईलच, आणि रात्री बाळाला घेणारं कुणीतरी असेल, तुम्हाला सलग झोप मिळेल.