गावाचा पुनर्विकास करताना जुनी बांधणी टिकवता येते का?

तुमचं गाव मंगळवेढ्याकडचं. गावठाणातले पडके वाडे, माळवदाची, म्हणजे तुळयांवर मातीचे थर दिलेल्या सपाट छताची, घरं काढून तिथं स्लॅबची घरं येणार आहेत, आणि गावाचं जुनं रूप राहील का, असं तुम्ही विचारलंय. राहील. पण समोरच्या भिंतीला दगडी टाइल चिकटवून आणि वेशीवर फायबरची कमान उभी करून ते राहणार नाही. सोलापूर-अक्कलकोट भागात मी घरबांधणीची कामं घेतो, आणि हा विषय मला फार जवळचा आहे.

आपलं जुनं घर उन्हानं घडवलंय. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे आणि पाऊस बेताचा, म्हणून जाड भिंती आणि सपाट माळवद. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळपास नाहीतच, दारं सगळी आतल्या चौकाकडे उघडणारी, भोवती सोपे म्हणजे ओसऱ्या, छतात उजेडाला आणि धुराला सवणं. कोकणातल्या पावसात हे माळवद टिकणार नाही. म्हणूनच सोलापुरात उतरतं कौलारू छप्पर घालून त्याला ‘पारंपरिक’ म्हणणारे नकाशे बघितले की वाईट वाटतं. चौक, सोपा, अरुंद बोळातली सावली आणि पार एवढं नकाशात राहिलं, तर भिंत विटेची असली तरी गाव आपलं वाटतं.

आता अवघड भाग. ग्रामसभेत कुणीतरी म्हणणारच, माळवद नको, किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे त्या भागात भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली, तेव्हा त्या माणसाचं बोलणं उडवून लावू नका. मात्र घरं का पडली हे त्याला नीट सांगा. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत अडकवलेले नव्हते, मध्ये नुसती कपची आणि माती, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं थर चढवून जड झालेलं छत. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण चांगले होते, तिथं भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी खण उभे राहिले. म्हणजे धडा बांधणीच्या आतच आहे. दगड घ्या, पण ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर घरभर सलग आरसीसी पट्टा फिरवा, कोपऱ्यात उभ्या सळ्या द्या. छतावर मातीचे थर नकोत. स्लॅबवर विटेच्या तुकड्यांचा कोबा करून दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, तरी खोली बरीच थंड राहते.

घरकुलाची अडचण वेगळी. प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचं आणि सपाट भागात अनुदान 1 लाख 20 हजार, त्यात चौक कुठून बसवणार? एकट्याच्या घरात नाहीच बसत. पण भावकीतली चार घरकुलं समोरासमोर घेतली, प्रत्येकाला पुढं छोटा सोपा ठेवला, की मधलं अंगण चौघांचं होतं. हे प्लॉट पाडतानाच ठरवावं लागतं. एकदा सरळ ओळीत चुन्याची फक्की पडली की कुणी ऐकत नाही.

आणि गाव शक्यतो पांढरीवरच, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या जागेवरच, राहू द्या. बाहेर काळ्या रानात सोयीचा चौकोनी लेआउट मिळतो खरा, पण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दुरुस्तीत आयुष्य जातं. जुन्या माणसांनी काळी पिकाला आणि पांढर वस्तीला ठेवली होती, ती उगाच नाही.

पाडकाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक जुन्या घराचं टेपनं माप घ्या, फोटो काढा. सागवानी तुळया, नक्षीच्या चौकटी, घडीव दगड यांची यादी करा आणि हे सामान गावातच वापरायचं, असा ठराव घ्या. पाडायला आलेला ठेकेदार बहुतेक वेळा लाकूड ‘भंगार’ म्हणून मजुरीत वळतं करून घेतो आणि तीच चौकट पुढं शहरातल्या हॉटेलात मोठ्या किमतीला लागते. जी घरं, वेस किंवा देऊळ ठेवणार असाल, त्यांच्या दगडांच्या दरजा सिमेंटनं भरू देऊ नका. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. तिथं चुनाच लागतो. त्यासाठी चुन्यात हात बसलेला म्हातारा गवंडी आसपासच्या गावांतून आत्ताच शोधा आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं द्या.