सागरी सेन्सरचे संशोधन : खानापूरच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असून, समुद्राच्या पाण्यात टिकणारे सेन्सर आणि त्यांसाठी लागणारे नवे पदार्थ यांवर तिला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे आहे. ‘खानापूरच्या मुलीचा समुद्राशी काय संबंध, आणि इतकी वर्षे तिचा खर्च कसा चालवायचा?’ असे तुम्ही विचारले आहे.

संबंध तुमच्याच तालुक्यातून सुरू होतो. भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते, आणि तेथून जवळच, दोना पावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

मात्र या विषयाचे खरे अवघडपण समुद्रात नसून पदार्थात आहे, हे तिने नीट समजून घ्यावे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर भेदून त्याला बारीक छिद्रे पाडते. पाण्यात सोडलेल्या सेन्सरवर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, आणि यंत्र बंद न पडताच त्याचा आकडा हळूहळू चुकू लागतो. असा चुकीचा आकडा मला बंद पडलेल्या यंत्रापेक्षा घातक वाटतो, कारण तो खराच मानला जातो. म्हणून नावात ‘सागरी’ असलेल्या पदवीमागे न लागता तिने रसायनशास्त्रात किंवा भौतिकशास्त्रात भक्कम एमएस्सी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ दोन्ही तुम्हाला जवळची आहेत. आयआयटीत एमएस्सी करायची तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशात किंवा शुल्कात सध्या कोणती सवलत आहे, हे कोल्हापुरात प्रत्यक्ष विचारून घ्या.

खर्चाचे म्हणाल, तर एमएस्सीची दोन वर्षे तुम्हालाच सोसावी लागतील. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती, मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. ही रक्कम कधीकधी उशिरा जमा होते, तेव्हा काही महिन्यांची तजवीज हाताशी असू द्या. पीएचडीला मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांशी बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

तोवर तिने एक करावे. कारवारहून डबाभर समुद्राचे पाणी आणून, महाविद्यालयाच्या परवानगीने एक जुना पीएच इलेक्ट्रोड (पाण्याची आम्लता मोजणारी कांडी) त्यात पंधरा दिवस बुडवून ठेवावा, आणि रोज ठरलेल्या वेळी तो धुऊन, ७ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, धरून, दिसेल तो आकडा वहीत लिहावा. आकडा कधी हलला आणि का हलला असावा, हे शोधताना तिला कंटाळा येतो की झोप उडते, ते तुम्हालाही घरात दिसेल. ती वही घेऊन तिला एकदा माझ्याकडे पाठवा.