हिमोग्लोबिन नॉर्मल आहे तरी एवढा थकवा का येतो?

ताई, हिमोग्लोबिन १२.१, लॅबने नॉर्मल छापलंय आणि तरी जिना चढताना दम लागतो, केस गळतात, तर हे अगदी शक्य आहे, मनाचे खेळ नाहीत. शरीरातलं लोह कमी व्हायला लागलं की आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन शेवटी पडतं. साठा कळतो फेरिटिनवरून (लोह साठवून ठेवणारं प्रथिन) आणि ती टेस्ट साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत नसते, वेगळी सांगावी लागते. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच समजा, बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच सावध होतात. फक्त ताप-सर्दीत करू नका, तेव्हा फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं.

सीबीसीतलं एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या पेशींच्या आकारात किती फरक आहे ते) पण बघा. आपल्या शाकाहारी घरांत बरेचदा लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतात, एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी निघते नॉर्मल! म्हणून आरडीडब्ल्यू वाढलेला असेल तर बी१२ पण करूनच घ्या.

आणि हो, आपल्या इंदूरात पोहे-जलेबीबरोबर चहा लागतोच, पण तोच चहा लोह नीट शोषू देत नाही, तो तासाभराने घ्या, पोह्यांवर लिंबू मात्र सढळ हाताने पिळा, लोह शोषायला मदत होते. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू नका करू, पाळीत जास्त जातं का हेही डॉक्टरांना न लाजता सांगा.