प्रशाला, हायस्कूल, विद्यामंदिर, आश्रमशाळा... आठवीला नेमकी कुठली शाळा?

दादा, तुम्ही विचारलंय की मुलगी अक्कलकोट तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेतून सातवी पास होतेय, घरी कन्नड पण शाळा मराठी, आता आठवीला सोलापुरात घालायची तर कुणी प्रशाला म्हणतंय, कुणी हायस्कूल, कुणी इंग्लिश स्कूल, यात फरक काय आणि चांगली कुठली. मी बरीच वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात अ‍ॅडमिशनचं काम बघितलंय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे बोर्डावरच्या नावात अडकू नका. प्रशाला, विद्यालय, विद्यामंदिर, हायस्कूल हे सगळं कायद्याच्या भाषेत माध्यमिक शाळाच. आपल्याकडं हरीभाई देवकरण प्रशाला, कुचन प्रशाला, सेवासदन प्रशाला अशी नावं आहेत, तिकडं उर्दूवाल्यांचं पानगल हायस्कूल आहे, नावावरून दर्जा वर-खाली होत नाही. नावापुढं 'व कनिष्ठ महाविद्यालय' किंवा 'उच्च माध्यमिक' असेल तर तिथं अकरावी-बारावी पण आहे एवढं समजायचं. काही हायस्कूल पाचवीपासून असतात, काही आठवीपासून, कारण झेडपीच्या बहुतेक शाळा सातवीपर्यंतच असायच्या आणि तिथली पोरं पुढं आठवीला हायस्कूलला यायची. म्हणजे तुमची मुलगी आठवीला नवीन आली तर त्यात वेगळं काही नाही, दरवर्षी अशी कितीतरी येतात.

आता खरा फरक कुठं आहे, तर शाळेतल्या सरांचा पगार कोण देतंय यात. अनुदानित म्हणजे संस्था खाजगी पण पगार सरकारचा, तिथं फी नाममात्र, मुलींना तर शिक्षण फी नाहीच, आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार. विनाअनुदानित म्हणजे सगळा खर्च पालकांच्या फीमधून. मधे अंशतः अनुदानित असतात, 20 टक्के, 40 टक्के असा टप्प्याटप्प्यानं पगार सुरू झालेला. आणि 2012 च्या कायद्यानं आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित, त्यांना अनुदान मिळणारच नाही हे आधीच ठरलेलं असतं. पण इथं एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो, शाळा अनुदानित असली तरी त्याच इमारतीतली एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते, बऱ्याचदा सेमी इंग्लिशची (गणित-विज्ञान इंग्रजीतून), आणि मग एकाच व्हरांड्यात एका वर्गाला फी नाही आणि शेजारच्या वर्गाला हजारोंची. त्यामुळं 'शाळा अनुदानित आहे का' असं विचारू नका, 'माझ्या मुलीला ज्या तुकडीत बसवणार ती अनुदानित आहे का' असं स्पष्ट विचारा आणि फीची पावती कशाकशाची मिळणार तेही विचारून घ्या. लाजायचं काहीच कारण नाही, तो तुमचा हक्क आहे.

याला मी एवढं धरून बसलोय त्याचं आणखी एक कारण म्हणजे एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची शिष्यवृत्ती. आठवीत ही शिष्यवृत्ती परीक्षा असते, लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12000, म्हणजे चार वर्षांचे 48000 मुलीच्या खात्यावर. पण ती सरकारी, झेडपी-महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि सातवीला 55 टक्के पाहिजेत (एससी-एसटीला 5 टक्के सवलत). हुशार पोरगी विनाअनुदानित शाळेत घातली की आठवीतच ही दारं बंद होतात, आणि घरच्यांना ते नंतर कळतं, याचं फार वाईट वाटतं.

बोर्डाचं बघा. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, बहुतेक हायस्कूल त्याच राज्य मंडळाचे. 'सीबीएसई पॅटर्न' असं फ्लेक्सवर लिहिलं म्हणून शाळा सीबीएसईची होत नाही, संलग्नता क्रमांक मागा, नसेल तर दहावीला एसएससीच. पब्लिक स्कूल, इंटरनॅशनल, अकॅडमी, गुरुकुल ही नावं कुणीही लावतंय. शाळेचा 11 आकडी युडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, घ्या, तो टाकला की व्यवस्थापन कुठलं, माध्यम कुठलं, वर्ग कुठंपर्यंत हे ऑनलाइन दिसतं.

नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पोखरापूरला आहे, मोहोळ तालुक्यात, राहणं-खाणं सगळं मोफत आणि सीबीएसई, पण मुख्य प्रवेश सहावीला परीक्षेनं होतो, नववीला रिकाम्या जागांसाठी परत परीक्षा असते, ती लक्षात ठेवा. सातारची सैनिक स्कूल ही केंद्राची, आणि संस्थांच्या सैनिकी शाळा वेगळ्या, त्या बहुतेक राज्य मंडळाच्या असतात, दोन्ही एक समजू नका. आश्रमशाळा निवासी असतात, काही आदिवासी विकास विभागाच्या, काही विजाभजच्या (विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीच्या), आपल्याकडं तांड्यांच्या आसपास दिसतात त्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या.

आता तुमच्या मुलीबद्दल. सातवीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेल्या पोरीला आठवीला एकदम फुल इंग्लिशमध्ये टाकू नका हो, मी हात जोडून सांगतो. घरी कन्नड, शाळेत मराठी, म्हणजे तिनं एकदा भाषेचा डोंगर चढलाच आहे, आता इतिहास-भूगोल पण इंग्रजीतून आला तर जे येतंय तेही लिहिता येणार नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून पाहिजे असेल तर सेमी आहे की, बाकीचे विषय मराठीतच राहतात. आणि गणित कच्चं असेल तर सेमीचा पण हट्ट नको, साधी मराठी तुकडी घ्या, अकरावी सायन्सला मराठी माध्यमातली पोरं पण जातात आणि टिकतात.

गावाहून येऊन-जाऊन करणार असेल तर मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, फॉर्म शाळेतून मिळतो, पण गाडीची वेळ आणि शाळेची वेळ आधी जुळवून बघा, सकाळच्या सत्राची शाळा असेल तर पहिली गाडी चुकली की दिवस गेला. अक्कलकोटलाच चांगलं अनुदानित हायस्कूल मिळत असेल तर सोलापूरचा हट्ट कशाला, रोजचे दोन-तीन तास वाचतील. जुन्या शाळेचा दाखला नवीन ठिकाणी तुकडी पक्की झाल्यावरच काढा. तिचे सहावी-सातवीचे गणिताचे मार्क आणि गावाहून पहिली गाडी किती वाजता आहे ते इथं लिहा, मग कुठली शाळा ते बघू.