वाचकांचे प्रश्न : विषय कोणता घ्यावा, कीवर्ड कसे पारखावेत?

अफिलिएट कमिशन (आपल्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान देते तो टक्का) आणि जाहिराती यांच्या जोरावर वेबसाइट सुरू करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. नीश म्हणजे वेबसाइटचा नेमका विषय आणि कीवर्ड म्हणजे लोक शोधताना गूगलमध्ये टाकतात ते शब्द.

प्रश्न : मला बागकामाची आवड आहे. गच्चीवरच्या बागेवर मराठी वेबसाइट काढायची आहे. हे नीश चालेल का? (इचलकरंजी)

विषय चांगला आहे. पण आहे तसाच घेतलात तर पसारा मोठा होईल आणि हातात फारसे काही पडणार नाही. आधी कागदावर हिशेब मांडा. समजा 'गच्चीवरील बाग' हे महिन्याला १,००० वेळा शोधले जाते, तुमचे पान वर आले आणि २०० जण तुमच्याकडे आले. त्यांतल्या २० जणांनी दुकानाच्या लिंकवर क्लिक केले, एकाने ३०० रुपयांची कोकोपीटची वीट घेतली. कमिशन ५ टक्के धरले तर मिळाले १५ रुपये. आता 'कुंड्यांसाठी ठिबक किट कोणते घ्यावे' हा शोध बघा. महिन्याला जेमतेम १०० वेळा होतो असे धरू. ३० जण आले. त्यांना किट घ्यायचेच आहे, म्हणून १२ जण दुकानापर्यंत गेले आणि एकाने टायमरसकट २,५०० रुपयांचे किट घेतले. मिळाले १२५ रुपये. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. ज्या दुकानाचे अफिलिएट व्हाल, त्याच्या दरपत्रकात वस्तूच्या वर्गापुढे जो टक्का असेल तो घालून तुमचा हिशेब पुन्हा करा. शोधणारा माणूस खरेदीच्या किती जवळ आला आहे, हे शोधांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे, एवढे मात्र त्यातून नक्की दिसेल.

म्हणून सबंध बाग न घेता एक अडचण धरा. 'बाहेरगावी गेल्यावर कुंड्यांना पाणी कोण घालणार?' ही तशी अडचण आहे. ती दर मे महिन्यात येते, लोक तिच्यासाठी पैसे खर्च करतात आणि नीट माहिती देणारी पाने कमी आहेत. उदाहरणार्थ, नळाला लावायचे बरेच टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेचे) असतात आणि त्यांना चालायला किमान दाब लागतो. दहा मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी कुंड्यांपेक्षा दीड मीटर उंच असेल तर मिळतात जेमतेम ०.१५ बार. तेवढ्यावर असा टायमर बहुधा नीट चालत नाही. तिथे नुसत्या उतारावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा (आरपार भोक असलेला गोळा फिरून उघडणाऱ्या झडपेचा) टायमर लागतो. हे न कळल्यामुळे ग्राहक वस्तू परत पाठवतो आणि तुमचे कमिशनही त्याबरोबर जाते. टाकीची उंची मोजायला सांगून मग टायमर सुचवणारा लेख वाचकाला खरा उपयोगी पडतो.

नीश पक्के करण्याआधी त्यावरचे ३० प्रश्न लिहून काढा, वाचकाच्या तोंडचे. तीस सुचत नसतील तर विषय फार अरुंद आहे, किंवा तुम्हाला अजून पुरता माहीत नाही. त्यांतले दहा-बारा तरी 'कोणते घ्यावे', 'किंमत', 'फरक काय', 'टिकते का' अशा वळणाचे हवेत. नुसत्या 'म्हणजे काय' प्रश्नांवर वाचक येतात, वाचतात आणि निघून जातात.

प्रश्न : कीवर्ड प्लॅनरमध्ये (शब्द किती शोधला जातो ते दाखवणारे गूगलचे साधन) ज्यांच्यापुढे स्पर्धा 'कमी' दिसली तेच कीवर्ड घेऊन लेख लिहिले. तरी एकही लेख पहिल्या पानावर नाही. असे का? (नांदेड)

कारण तो रकाना तुमच्यासाठी नाहीच. गूगलचे कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी केलेले आहे. तिथली 'स्पर्धा' म्हणजे त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण उभे आहेत, ते. बिनपैशाच्या निकालांत वर येणे सोपे की अवघड, याचा त्यात काहीही अंदाज नसतो. नवख्यांची सर्वांत जास्त मेहनत या एका गैरसमजात वाया जाते.

खरी स्पर्धा निकालांच्या पानावरच बघावी लागते. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल. कीवर्ड टाका आणि पहिले दहाही निकाल उघडून वाचा. नुसती शीर्षके बघून भागत नाही. दहाही पाने दुकानांची असतील तर तिथे माणूस थेट खरेदीला आलेला आहे, लेखाला जागा मिळणे कठीण. सगळे व्हिडिओ असतील तर लोकांना ती गोष्ट करून दाखवलेली हवी आहे. वर्तमानपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे असतील तर पुढे चला. पण दहांपैकी दोन-तीन पाने छोट्या वेबसाइटची असतील, किंवा विचारले एक आणि पानावर भलतेच असे असेल, किंवा उत्तर कुठल्यातरी चर्चेतल्या चार ओळींत सापडत असेल, तर तो कीवर्ड घ्या. 'कुंडीत टोमॅटो' शोधल्यावर एकरी लागवडीची माहिती समोर येत असेल, तर गच्चीवरच्या माणसाला अजून उत्तर मिळालेले नाही हे उघड आहे.

एका कीवर्डला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तीस कीवर्डचे काम एका बैठकीत उरकायला जाऊ नका. डोळे थकले की सगळीच पाने सोपी वाटू लागतात.

प्रश्न : मराठी शब्द टाकले की प्लॅनर '१० ते १००' दाखवतो, कधी नुसती आडवी रेघ. मराठीत कोणी शोधतच नाही का? (चिपळूण)

शोधतात, पण एकाच रूपात शोधत नाहीत. कढीपत्त्याचेच घ्या. कोणी 'कढीपत्ता' लिहितो, कोणी 'कडीपत्ता', कोणी 'कढीलिंब', कोणी 'गोडलिंब'. त्यावर अनेक जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात आणि त्यातही स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे. बरेच जण इंग्रजी किंवा हिंदी शब्दानेच शोधतात. त्यामुळे एकेका रूपापुढे आकडा किरकोळ दिसतो. शिवाय जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला प्लॅनर नेमकी संख्या देत नाही, '१०० ते १ हजार' असे ढोबळ पट्टे देतो. १२० आणि ९०० हे दोन्ही एकाच पट्ट्यात येतात.

एका कागदावर त्या गोष्टीची सगळी रूपे लिहा : देवनागरी, रोमन, बोलीतले, दुकानदाराच्या तोंडचे. प्रत्येक रूप गूगलच्या शोधपेटीत टाकून पुढे काय सुचवले जाते ते टिपा. मग शब्दापुढे 'कसे', 'किती', 'किंमत', 'का', 'घरी' हे एकेक जोडा. 'कढीपत्ता' आणि 'कढीपत्ता पाने का गळतात' यांत दुसरा कीवर्ड लहान दिसतो, पण नव्या वेबसाइटला जमण्यासारखा तोच.

ही सगळी रूपे मिळून लेख मात्र एकच लिहा. शीर्षकात सर्वांत रुळलेले रूप, बाकीची मजकुरात जिथे सहज बसतील तिथे. 'कढीपत्ता (कडीपत्ता, कढीलिंब, गोडलिंब)' असे एकदा म्हटले तरी पुरते, प्रत्येक परिच्छेदात कोंबू नका.

गूगल ट्रेंड्समध्ये प्रदेश महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख बघा. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च क्षणाला १०० धरून बाकीचे त्याच्याशी ताडलेले असते. त्याचा उपयोग हंगाम ओळखायला. मे महिन्यात लागणारा लेख एप्रिलअखेर टाकून उपयोग नाही. गूगलला पान सापडून ते स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच टाका.

प्रश्न : कर्ज, शेअर बाजार आणि मधुमेह या विषयांवर जाहिरातींचा भाव सर्वांत जास्त दिसतो. तिथूनच सुरुवात करावी का? (ठाणे)

करू नये. प्लॅनरमध्ये दिसणारी बोली ही गूगलच्या शोधपानावरच्या जाहिरातीसाठी जाहिरातदार देऊ करतो ती रक्कम. तुमच्या पानावरच्या जाहिरातीला तीच मिळेल असे मुळीच नाही. शिवाय पैसा आणि आरोग्य या विषयांत लिहिणाऱ्याचे ज्ञान, अनुभव, विश्वासार्हता गूगल जास्त काटेकोरपणे तोलते. बँका आणि रुग्णालये यांच्यापुढे नवी वेबसाइट टिकत नाही.

कायद्याची बाजूही बघा. सेबीकडे नोंदणी न करता मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा असलेल्या औषधाची जाहिरात १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. चुकीच्या सल्ल्याने एखाद्याने गोळ्या बंद केल्या तर काय, हा विचार कमिशनच्या आधी यायला हवा.

आणि विषय कोणताही असो, लिंकमधून तुम्हाला कमिशन मिळते हे लेखाच्या सुरुवातीलाच साध्या मराठीत लिहा. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनाही तेच अपेक्षित आहे.

प्रश्न : चार महिन्यांत ३० लेख झाले. सर्च कन्सोलमध्ये (आपली वेबसाइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते सांगणारे गूगलचे साधन) इंप्रेशन, म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसले ते, दिसतात; क्लिक जवळजवळ नाहीत. नीश बदलू का? (संभाजीनगर)

इतक्यात नको. इंप्रेशन येतात म्हणजे गूगलने तुम्हाला ओळखले आहे. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात 'सरासरी स्थान' चालू करा, मागचे तीन महिने घ्या आणि ८ ते २० या स्थानांमधल्या क्वेरी (लोकांनी टाकलेले शोध) वेगळ्या काढा. त्यांवर काम केले तर फरक लवकर दिसतो. अनेकदा असे दिसेल की लेख एका कीवर्डवर लिहिला आणि तो दिसतो दुसऱ्याच प्रश्नावर. मग त्या प्रश्नाचे थेट उत्तर लेखात वरच घाला आणि शीर्षक त्या शब्दांत बसवा.

दुसरे, एखाद्या क्वेरीवर क्लिक करून 'पेजेस' बघा. एकाच क्वेरीवर तुमचीच दोन-तीन पाने आलटूनपालटून येत असतील तर ती एकमेकांना मागे खेचत असण्याची शक्यता मोठी. चांगले पान ठेवा, दुसऱ्यातला उपयोगी मजकूर त्यात हलवा आणि जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचे नव्या पानाकडे वळवणारी सोय) लावा. पान नुसते पुसून टाकलेत तर त्याला आलेल्या लिंक वाया जातात.

हे केल्यावर सहा-आठ आठवडे थांबा. मधल्या काळात त्याच पानांची शीर्षके पुन्हा बदलू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.