कृष्ण तेजोमेघ टिपायचाय? ‘ई’पासून सुरुवात करा

कृष्ण तेजोमेघ म्हणजे मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारा धुळीचा ढग. त्याचा फोटो पहिल्यांदाच काढत असाल, तर सेफियस तारकासमूहातल्या ‘शार्क’ तेजोमेघाच्या मागे इतक्यात लागू नका. ती धूळ फार फिकी आहे, शहरी उजेडात तासन्‌तास घालवूनही हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा गरुड मंडलातला बार्नार्डचा ‘ई’ घ्या, म्हणजे बार्नार्डच्या कृष्ण तेजोमेघांच्या यादीतले बी १४२ आणि बी १४३; दोन्ही मिळून इंग्रजी E सारखे दिसतात. श्रवणाशेजारच्या तराझेद ताऱ्यापासून थोडं पश्चिमेला सरका, सापडेल. मागे आकाशगंगेतल्या ताऱ्यांची दाटी, त्यामुळे काळा आकार लगेच उठून दिसतो. दुर्बीण छोटीच बरी, ४०० मिमीच्या आसपास नाभीय अंतराची (फोकल लेंथची).

नॅरोबँड फिल्टर (ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडणारा) घ्यायची घाई नको. अश्वशीर्षाला (बी ३३) तो चालतो, कारण त्यामागे आयसी ४३४ या तेजोमेघातला हायड्रोजन चमकतो. इतर बहुतेक ठिकाणी धूळ ताऱ्यांचाच उजेड अडवते किंवा परावर्तित करते, आणि तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. अमावास्या गाठायची आणि अंधारी जागा शोधायची, दुसरा इलाज नाही.

फ्लॅट फ्रेम्सचा (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, ज्यांनी डाग आणि सावल्या काढता येतात) कंटाळा तर अजिबात नको! सेन्सरवरच्या धुळीचा गोल डाग स्ट्रेच केल्यावर, म्हणजे फोटोतला फिका भाग उजळवल्यावर, हुबेहूब छोट्या कृष्ण तेजोमेघासारखा दिसतो. ग्रेडियंट (आकाशातल्या उजेडाचा असमान चढउतार) काढताना पार्श्वभूमी मोजायला फोटोवर ठेवलेले नमुना-ठिपके तेजोमेघावर पडू देऊ नका. सॉफ्टवेअर त्यालाच पार्श्वभूमी समजून सपाट करून टाकतं.